थेंब पडतो खाली, गळती असते वर



खेड्यापाड्यांत आजही अनेक घरांच्या ओसरीत जुनी मोटारसायकल उभी असते. कुठे १९८५ साली बाजारात आलेली हिरो होंडा सीडी १००, कुठे १९९४ नंतरची स्प्लेंडर, तर कुठे वडिलांच्या वेळची बुलेट. दूध डेअरीला घालायचे, बियाणे आणायचे, मुलांना शाळेत सोडायचे, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, ही सगळी कामे तिच्यावरच निभतात.

अशा गाडीखाली एक दिवस काळा डाग दिसू लागतो. कोणी म्हणतो, “जुनी गाडी, गळायचीच!” आणि तसाच फिरवत राहतो. कोणी घाईने गॅरेज गाठून इंजिनच खोलायला लावतो. दोघांचेही नुकसान होते. पिकाचे पान पिवळे पडले म्हणजे रोग पानातच असतो असे नाही, कधी तो मुळाशी असतो. गाडीचेही तसेच आहे. आधी मूळ शोधावे, मग इलाज करावा.

गळती मनावर का घ्यावी?

स्प्लेंडरसारख्या गाडीत ऑइल बदलताना जेमतेम ९०० मिली ऑइल बसते. तेवढ्यावरच पिस्टन, क्लच, गिअर आणि वरचा कॅम या सर्वांचे वंगण चालते. ऑइल कमी होत असताना गाडी काही बोलत नाही, वेगही घटत नाही. मग एके दिवशी वरच्या बाजूने टकटक आवाज येतो, किंवा पिस्टन जाम होऊन गाडी भर रस्त्यात थांबते. तेव्हा होणारा खर्च एका सीलच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

दुसरा धोका याहून मोठा. गळणारे ऑइल वाऱ्याने मागे उडते. ते मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये गेले, तर वळणावर गाडी घसरते. मागे घरची मंडळी किंवा दुधाचे कॅन असताना काय होईल, हे सांगायला नको.

डाग ऑइलचाच आहे ना?

बोटाला लावून पाहावे. पेट्रोल असेल तर वास येतो आणि ते लवकर उडून जाते. साखळीला लावलेले वंगण घट्ट, काळे असते आणि मागच्या रिमवर शिंतोडे उडालेले दिसतात. पुढच्या दांड्यावर ओले कडे दिसले, तर ते शॉकअपचे ऑइल समजावे. बॅटरीखाली ओल असेल तर मात्र हात लावू नये, कारण ते ॲसिड असते.

राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि गिअरपेटीचे ऑइल वेगळे असते. त्यांच्या सायलेन्सरच्या जोडावरचा काळा चिकट ओघळ हा पूर्ण न जळलेल्या ऑइलचा असतो. तो पाहून इंजिन खोलण्याचे कारण नाही.

शोध कसा घ्यावा?

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकते. म्हणून थेंब जिथून पडतो, तिथेच गळती असते असे मुळीच नाही. बहुधा ती त्याच्या वर आणि पुढे असते.

पहिले काम सफाईचे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. थोडे डिझेल आणि जुना ब्रश घेऊन सर्व चिखल, काळा थर काढावा. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. हवेच्या फिल्टरमध्ये व प्लगच्या टोपीत पाणी जाऊ देऊ नये. हे काम चुलीजवळ किंवा विडी ओढत करू नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी उन्हा-वाऱ्यात सुकू द्यावी.

मग ऑइलची पातळी पाहावी. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तितकाच वेळ थांबावे. पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त ऑइल ओतले तरीही ते बाहेर येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता संशयित जोडांवर अंगाला लावायची पावडर किंवा खडूची बारीक पूड भुरभुरावी. राख वापरू नये, तिच्यात खर असते. गाडी चार-पाच किलोमीटर सावकाश चालवून आणावी आणि टॉर्च घेऊन पाहावे. पांढऱ्या पुडीवर पहिली ओली रेघ जिथे उमटेल, तिथेच चोर आहे. खालच्या बाजूसाठी हातातला आरसा कामी येतो. काहीच दिसले नाही, तर रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी पुन्हा पाहावे. काही गळत्या इंजिन गरम असतानाच होतात, काही गाडी उभी असताना.

नेहमीच्या जागा, वरून खाली

पाहणी नेहमी वरून सुरू करावी.

१. टॅपेटची झाकणे : यांच्या आत रबरी रिंग असते. उष्णतेने ती कडक होते व चिरते. झाकण खोलून रिंग बदलली की काम झाले.

२. हेड व सिलिंडरचे पॅकिंग : जोडावरच ओली रेघ दिसते. यासाठी मात्र इंजिनचा वरचा भाग खोलावा लागतो. म्हणून हा निष्कर्ष सर्वात शेवटी काढावा.

३. उजवीकडचे क्लच कव्हर आणि किकचा दांडा : कव्हरचे पॅकिंग किंवा दांड्याचे सील जाते.

४. डावीकडे गिअरचा दांडा आणि पुढचे दातेरी चक्र : चक्राचे झाकण काढून तिथला चिखल-वंगणाचा गोळा साफ करावा. त्याखाली सील झिजलेले सापडते. ही सीले बहुतेकदा पूर्ण इंजिन न उघडता बदलता येतात.

५. खालचा ऑइल काढण्याचा बोल्ट : वायसर चपटा झालेला असतो, तो नवा घालावा. बोल्ट जोर लावून आवळू नये. इंजिनची पेटी ॲल्युमिनियमची असते, तिचे आटे गेले की वायसरचे काम पेटीवर जाते.

दूध घालणाऱ्या एका बंधूंच्या गाडीचे उदाहरण बोलके आहे. सिलिंडरच्या बुडाशी ऑइल दिसते म्हणून पॅकिंगसाठी दोनदा इंजिन उघडले गेले. गळती थांबेना. शेवटी गाडी धुऊन पूड टाकली, तेव्हा ओघळ टॅपेटच्या झाकणापासून निघून पंखांमधून खाली उतरताना दिसला. रबरी रिंग बदलली आणि गाडी कोरडी झाली.

नवे सीलही गळत असेल तर?

मग दोष सीलचा नाही. इंजिनच्या पोटातील दाब बाहेर जाण्यासाठी एक श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती दुमडली, किंवा तिच्यात चिखल अथवा कुंभारमाशीचे मातीचे घर बसले, तर दाब कोंडतो आणि सर्वात कच्च्या जागेतून ऑइल ढकलतो. नळी काढून साफ करावी. नळी मोकळी असूनही तिच्यातून सारखा धूर येत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तेव्हा जाणत्या मिस्त्रीकडेच जावे.

जुन्या बुलेटवाल्यांसाठी एक सूचना. गाडी काही आठवडे उभी राहिली, तर तिच्या ऑइलच्या कप्प्यातील ऑइल हळूहळू खालच्या क्रँकच्या कप्प्यात उतरते. सुरू करताच ते ब्रीदरच्या नळीतून बाहेर फेकले जाते. ही पॅकिंगची गळती नव्हे.

काय करू नये

तेलकट जागेवर एम-सील थापू नये, ते धरत नाही. पॅकिंगला चिकटद्रव्य भरमसाट लावू नये. आत सुटलेला तुकडा ऑइलची वाट अडवतो. सगळे बोल्ट एकदम आवळत सुटू नये. काढलेले जळके ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. गोचिडांसाठी जनावरांच्या अंगाला तर मुळीच लावू नये, जनावर ते चाटते. डब्यात भरून गॅरेजवर जमा करावे.

गळती सापडून दुरुस्ती होईपर्यंत रोज सकाळी पट्टी पाहण्याचे काम घरातील एखाद्या मोठ्या मुला-मुलीकडे सोपवावे आणि पातळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. किती दिवसांत किती ऑइल उतरते, हे त्या नोंदीवरून कळेल. मिस्त्रीकडे जाताना ती नोंद आणि ओली रेघ कुठे दिसली ते सांगावे. म्हणजे जेवढे बिघडले आहे तेवढेच उघडले जाईल.