बोटभर उंचीचं रान

सप्टेंबरातली सकाळ. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, कास पठारावर, पहिली-दुसरीतली पंधराएक पोरं रेनकोटात कुडकुडत उभी आहेत. मोठी माणसं लांबवर नजर टाकतात, मोबाइल उंचावतात आणि ‘अजून फुललं नाही वाटतं’ म्हणत पुढे सरकतात. ताई मात्र पायवाटेच्या कडेला उकिडवी बसते. पाठोपाठ पोरंही बसतात, आणि पठार एकदम भरून येतं.

इथली बरीचशी फुलं असतातच बोटभर उंचीची. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे मुळातच जमिनीपाशी. म्हणून गेंदाचे पांढरे गोळे आणि कवल्याच्या पिवळ्या फुलातले दोन तांबडे ठिपके आधी त्यालाच दिसतात. कवल्याला हौशी लोक ‘मिकी माऊस’ म्हणतात. ताई ते सांगत नाही, आधी पोरांनी ठेवलेली नावं ऐकते. ‘लाल डोळ्यांचं मांजर’ हे त्यांतलं सर्वांत झकास.

२०१२मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे. पहिलीच्या पोरांना त्याचं काय!

खरी गर्दी दवबिंदूपाशी. लालसर पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, थेंबात अडकलेलं चिलट. “ताई, हे झाड मच्छर खातं?” खातं. इथल्या मातीत कस नाही, ती तूट किड्यांवर भागवायची. “म्हणजे याला डबाच नाही,” एकीचा निष्कर्ष. शेजारच्या निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा धंदाही तोच, फक्त त्यांचे सापळे म्हणजे ओल्या मातीत लपलेल्या इवल्या पिशव्या. दाराशी सूक्ष्म जीव आला की तो पाण्यासकट आत ओढला जातो. पण रोप उपटून दाखवायचं नाही. ताई गाल आत ओढून सुर्रकन हवा घेते. पुढची दहा मिनिटं पंधरा सापळे सुरसुरत हिंडतात.

दगडांचा नियम मात्र कडक. सुटा दगड उलटायचा नाही. खाली बेडूक असेल, विंचू असेल, एखादा सापही.

शेवटी टोपली कारवी. उपड्या टोपलीसारखं झुडूप, यंदा फूल एकही नाही. सात वर्षांतून एकदा फुलतं, असं ऐकल्यावर एकजण विचारतो, “मागच्या वेळी फुललं, तेव्हा मी होतो का?”

ताई बोटं मोजायला लागते.