मन्सीच्या ग्रंथालयांतील जुन्या वह्या

ग्रंथांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्या विद्वानाला लेखकाची माहिती मिळते, मुद्रकाची मिळते, ग्रंथाच्या आवृत्त्या किती निघाल्या हेंहि कळूं शकतें. पण तें पुस्तक प्रत्यक्ष कोणीं घरीं नेलें, नेणारा वकील होता कीं सुतार, शाळकरी मुलगा होता कीं गृहिणी, या प्रश्नाशीं तो बहुधा अडतो. वाचक वाचतो आणि मागें कांहीं ठेवीत नाहीं. त्याचा माग लागलाच तर ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहींत; आणि ती वही भरली म्हणजे बहुतेक ठिकाणीं रद्दींत जाते.

अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत मन्सी नांवाचें शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालय १८७५ सालीं खुलें झालें, तेव्हां मन्सी हें आसपासच्या शेतकऱ्यांचें बाजाराचें गांव होतें. १८८६ सालीं त्या भागांत जमिनीखालीं ज्वालाग्राही वायूचे सांठे लागले. फुकटासारख्या मिळणाऱ्या या जळणाच्या लोभानें कांचेचे व लोखंडाचे कारखाने आले, आणि १८८० सालीं सुमारें पांच हजार असलेली वस्ती १९०० सालीं वीस हजारांवर गेली. पुढें रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्यानें सामान्य अमेरिकन शहराचा नमुना म्हणून याच गांवाची पाहणी केली आणि त्याचें खरें नांव झांकून ‘मिडलटाउन’ या नांवानें १९२९ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला.

ग्रंथालय १९०४ सालीं कार्नेजी यांच्या देणगीच्या इमारतींत गेलें. त्याच इमारतीची दुरुस्ती चालू असतां २००३ सालीं बॉल स्टेट विद्यापीठांतील इंग्रजीचे प्राध्यापक फ्रँक फेल्सेनस्टाइन यांच्या हातीं जुन्या वह्या लागल्या. १८९१ च्या नोव्हेंबरपासून १९०२ च्या डिसेंबरपर्यंतची देवघेव त्यांत टिपलेली होती. मधला, १८९२ ते १८९४ मधील सुमारें अडीच वर्षांचा भाग त्यांत नाहीं. तरीहि सुमारें पावणेदोन लक्ष नोंदी, सहा हजारांहून अधिक वाचक आणि अकरा हजारांहून अधिक पुस्तकें एवढा ऐवज उरतो. एका लहान शहराच्या वाचनाची इतकी तपशीलवार साक्ष क्वचितच कोठें शिल्लक असेल.

ही साक्ष वदवून घेणें मात्र सोपें नव्हतें. देवघेवीच्या वहींत तारीख, वाचकाचा क्रमांक व पुस्तकाचा क्रमांक एवढेंच. वाचकाचें नांव सभासदांच्या वेगळ्या नोंदवहींत. पुस्तकाचें नांव दाखल वहींत. तीन वह्या शेजारीं शेजारीं उघडाव्या, तेव्हां कोठें एक ओळ बोलूं लागते. त्यावरहि माणसाचा धंदा व कुटुंब समजून घ्यावयाचें तर खानेसुमारीचे कागद पाहिजेत. आणि १८९० सालच्या अमेरिकन खानेसुमारीचे जवळजवळ सर्व कागद १९२१ सालच्या आगीमुळें गमावलेले! तेव्हां मुख्य भिस्त १९०० सालच्या गणतीवर. कित्येक वर्षें खपून हें सारें संगणकावर चढविलें गेलें, आणि २०११ सालीं तें सर्वांना पाहण्यास खुलें झालें.

त्या काळच्या ग्रंथपालांची इच्छा अशी कीं, लोकांनीं इतिहास वाचावा, शास्त्र वाचावें, शेक्सपिअर वाचावा. वहीची गोष्ट निराळी. बहुसंख्य नोंदी कादंबऱ्यांच्या व मुलांच्या गोष्टींच्या आहेत. सर्वांत अधिक मागणी होरेशिओ अल्जर या लेखकाला. दर वीस पुस्तकांमागें सुमारें एक त्याचें. गरीब पण प्रामाणिक मुलगा कष्ट करतो, कोणा धनिकाची त्याच्यावर मर्जी बसते आणि त्याचें नशीब उघडतें, हाच सांचा त्यानें पुस्तकामागून पुस्तकांत वापरला. कांहीं ग्रंथालयांनीं अशीं पुस्तकें ठेवण्याचेंच नाकारलें होतें. मन्सींत तीं मिळत, आणि कारखान्यांच्या धुरांत वाढणारीं मुलें तीं नेत. उत्तम वाङ्मयाचा कैवार घेणाऱ्यांना हे आंकडे बोंचतील. पण त्यांनीं एक गोष्ट पहावी: वहींत त्याच मुलाचा क्रमांक पुढील सालीं कोणत्या पुस्तकापुढें आहे हें शोधतां येतें. एकाच सांच्यांत कोण अडकला आणि कोण पुढें गेला याचा निवाडा कल्पनेनें करण्याचें कारण उरत नाहीं.

वहीवर भार मात्र बेतानेंच टाकावा. नेलेलें पुस्तक वाचलेंच असें नव्हे. मुलाच्या नांवावर आईची कादंबरी घरीं येते, हा अनुभव कोणत्या घराला नाहीं? शिवाय मजुरांचीं नांवें वहींत असलीं तरी वस्तींतील त्यांच्या संख्येच्या मानानें तीं कमी आहेत, आणि कृष्णवर्णी नागरिकांचीं तर फारच थोडीं. दार सर्वांस उघडें असलें तरी सर्वच आंत येतात असें नाहीं.

न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररी या वर्गणीच्या ग्रंथालयाची १७८९ सालची वही प्रसिद्ध आहे; तिच्यांत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नांवावर दोन पुस्तकें आहेत. तें नांव मोठें म्हणून त्या नोंदीचा गाजावाजा झाला. मन्सीच्या वहींत तसें नांव नाहीं, आणि तिचें मोल त्यांतच आहे. पण या लोकांना, तुम्हीं काय वाचलें तें जगाला दाखवूं काय, असें कोणीं विचारलें नव्हतें. आज ते हयात नाहींत, म्हणून त्याचा कोणास उपसर्ग नाहीं. हयात असते तर प्रश्न अवघड होता. वाचकाविषयीं कळलेली खासगी माहिती गुप्त राखणें हें ग्रंथपालाचें कर्तव्य होय, असें अमेरिकन ग्रंथालय संघानें १९३९ सालीं आपल्या आचारसंहितेंत घातलें. दहशतवादाच्या निवारणासाठीं २००१ सालीं झालेल्या कायद्यानें ग्रंथालयाच्या नोंदी मागण्याचा मार्ग सरकारला मिळाला, तेव्हां तर कित्येक ग्रंथालयांनीं जुन्या नोंदी ठेवणेंच सोडलें. पुस्तक परत आलें कीं वाचकाचा व त्याचा संबंध संगणकांतून पुसून टाकावयाचा, अशी रीत आतां पुष्कळ ठिकाणीं आहे. तेथील आजच्या वाचकांनीं काय वाचलें, हें शंभर वर्षांनंतरच्या प्राध्यापकाला कोणत्याहि दुरुस्तींत सांपडणार नाहीं.