मालवणच्या किनाऱ्यावर वाट कोणाची?

नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण केले की मालवणच्या मच्छीमाराचे नवे वर्ष सुरू होते, ही परंपरा जुनी आहे. अलीकडे त्याच किनाऱ्यावर आणखी एका हंगामाची वाट पाहिली जाते. पावसाळ्यात, सामान्यतः २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि सर्व जलक्रीडा बंद असतात. सप्टेंबर उजाडला की दांडी, चिवला, तारकर्ली आणि देवबाग येथील पुळणीवर जेट स्की, फुगीर बनाना नौका आणि पॅरासेलिंगच्या बोटी पुन्हा दिसू लागतात. याच पुळणीवर पहाटे रापण ओढली जाते आणि सायंकाळी पर्यटकांची मुले कमरेएवढ्या पाण्यात खेळतात. एवढ्याशा पट्ट्यात ही सगळी वर्दळ कशी सामावून घ्यावयाची, हा प्रश्न दर हंगामात अधिक तीव्र होत आहे.

पर्यटनाने या भूमीला काही दिले नाही, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. एके काळी मुंबईच्या मनीऑर्डरीवर ज्या घरांची चूल पेटत असे, त्यांतील कित्येक घरांत आज पाहुण्यांची पाने वाढली जातात. कर्ली नदीच्या मुखाशी वर आलेला वाळूचा पट्टा २००४ च्या त्सुनामीची आठवण म्हणून 'त्सुनामी आयलंड' या नावाने ओळखला जातो आणि तेथे जलक्रीडांचे केंद्रच उभे राहिले आहे. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तेव्हा येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे. शिवाय या व्यवसायात उतरलेले अनेक तरुण मच्छीमार कुटुंबांतीलच आहेत. वडील रापणीच्या दोराला आणि मुलगा जेट स्कीच्या मुठीला, असे चित्र एकाच घरात दिसू शकते. त्यामुळे या प्रश्नाला 'स्थानिक विरुद्ध उपरे' असे सोपे रूप देऊन चालणार नाही.

मग संघर्ष नेमका कुठे आहे? तो समजण्यासाठी रापण म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळाकार फिरते, जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांना माणसे उभी राहून ते तासन् तास ओढतात आणि जे मिळेल त्याचे वाटे होतात. या साऱ्या वेळात किनाऱ्यालगतचे पाणी हेच रापणकराचे शेत असते. पाण्यावर तरंगणारी जाळ्याची बोंडे अनोळखी डोळ्यांना दिसतही नाहीत. त्या अर्धवर्तुळातून एखादे वेगवान यान आडवे गेले तर त्या ओढीचे मासे जातात, जाळे फाटते आणि चालकाच्या जिवालाही धोका होतो.

दुसऱ्या बाजूला यंत्राचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. जेट स्की हे मुळात एका जपानी कंपनीचे व्यापारी नाव. १९७० च्या दशकात बाजारात आलेले हे यान आता सर्वच बनावटींसाठी त्या नावाने ओळखले जाते. त्याला बाहेर फिरणारा पंखा नसतो. तळातून पाणी आत ओढून ते मागे जोराने फेकले जाते आणि त्या झोतावरच यान पळते व वळते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, उथळ पाण्यात ते सुरू केल्यास वाळू आत ओढली जाऊन यंत्र निकामी होते, म्हणून ते सुमारे कमरेएवढ्या पाण्यात नेऊनच सुरू करावे लागते. म्हणजे नेमके तेथेच, जेथे स्नान करणारे उभे असतात! दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समोर माणूस दिसताच नवखा चालक घाबरून वेग सोडतो. वेग सोडला की झोत थांबतो, आणि झोत थांबला की मूठ कितीही वळवली तरी यान फारसे वळत नाही. अनेक बनावटींना वेगळा ब्रेकही नसतो. खोल समुद्रात हा दोष कदाचित खपून जाईल. किनाऱ्यालगत तो प्राणघातक ठरू शकतो.

समुद्राची भीती माणसाला खोल पाण्यात वाटते. परंतु अपघात पुष्कळदा जमीन दिसत असतानाच होतात. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे हंगाम संपण्यास जेमतेम एक-दोन दिवस उरले असताना, स्कुबा डायव्हिंग आटोपून परतणारी पर्यटकांची नौका तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी चालू असताना 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर आदळली आणि पंधरा जीव गेले. दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत. तथापि वेगवान यान आणि संथ प्रवासी नौका एकाच पाण्यात मोकळ्या सोडल्या की काय होऊ शकते, हे सांगावयास दुसरा दाखला लागू नये. मालवणातही किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या खडकांमधील ठरावीक वाटेनेच जातात आणि त्या तांडेलाला आयत्या वेळी बाजूला सरकण्यास फारशी जागा नसते.

कायदे नाहीत असे नाही. नौकांचे परवाने सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. साहसी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२१ साली जाहीर केले असून त्यात जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरील उपक्रमांच्या नोंदणीची तरतूद आहे. मासेमारीसाठी १९८१ चा अधिनियम आहे, अभयारण्याच्या क्षेत्रासाठी वनखाते आहे आणि किनाऱ्यासाठी ग्रामपंचायत आहे. परंतु परवाना यानाला मिळतो. ते यान पुळणीच्या कोणत्या भागातून, कोणत्या वेळी, किती वेगाने पाण्यात उतरावे, याची रेषा पाण्यावर आखलेली असल्याशिवाय परवान्याचा कागद कोणालाही वाचवू शकत नाही.

अशी रेषा आखणे अशक्य नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावर जमिनीपासून ३०० मीटरपर्यंत पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. अनेक पुळणींवर तरंगत्या खुणांनी आखलेल्या वाटा असतात आणि यांत्रिक याने त्या वाटेनेच बाहेर जातात व परत येतात. मालवणच्या प्रत्येक पुळणीवर अशी एक वाट काढून तिच्या दोन्ही बाजूंना स्नानासाठी व रापणीसाठी पाणी राखून ठेवण्यास फार मोठा खर्च येणार नाही. त्या वाटेच्या तोंडाशी हंगामभर एक प्रशिक्षित माणूस उभा करावा, हंगामाच्या अखेरच्या दिवसांत वारा फिरला तर तारखेची वाट न पाहता वाट बंद करण्याचा अधिकार त्याला द्यावा आणि प्रशिक्षित चालक मागे असल्याशिवाय पर्यटकाच्या हाती मूठ देऊ नये.

मात्र ही वाट कोणी ठरवावी, यावरच तिचे यश अवलंबून आहे. १९८७ साली मालवणच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्राला अभयारण्य घोषित करण्यात आले. पोवळ्यांचे आणि जलचरांचे रक्षण हा त्यामागील हेतू निःसंशय चांगला होता. परंतु आपला समुद्र आपल्याकडून काढून घेतला जाणार, या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो विरोध वर्षानुवर्षे धगधगत राहिला. वरून आखलेली रेषा खालच्यांना कुंपणासारखी वाटते, हा धडा त्यातून घ्यावयास हवा. रापण संघांना किनारा वाटून घेण्याची आणि मिळकतीचे वाटे करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. रापणकर, होडीवाले आणि जलक्रीडा व्यावसायिक यांना एकत्र बसवून बंदर अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडूनच जागा व वेळा निश्चित करून घेतल्या, तर त्या पाळल्या जाण्याची शक्यता कितीतरी अधिक राहील.

निर्बंध आले की धंदा बुडेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. पहाटेच्या वेळा गेल्या, जागा आखडली, तर काही फेऱ्या कमी होतील. पण एका अपघाताने सबंध हंगाम ओस पडू शकतो आणि त्याची किंमत जेट स्कीवाल्याबरोबर खानावळवाल्याला, होडीवाल्याला व मासळी विकणाऱ्या बाईलाही मोजावी लागते. पुढचा हंगाम उघडण्यापूर्वी निदान एका पुळणीवर ही वाट आखून पाहावी. बाप आणि मुलगा यांनी एकाच किनाऱ्यावर आपापला धंदा निर्वेधपणे करावा, एवढीच मालवणची अपेक्षा आहे, आणि ती अवास्तव खासच नाही.