हाकेची ओळख

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी जन्मलेला नारायण नावाचा मुलगा लग्नाच्या अंतरपाटापाशी उभा असता, पुरोहिताच्या मुखातून ‘सावधान’ हा शब्द निघताच मंडप सोडून निघून गेला आणि पुढे नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे तपाचरणात राहिला, ही कथा ज्याच्या कानावर आलेली नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. बखरकारांनी सांगितलेल्या या प्रसंगाचा ऐतिहासिक कस लावण्याचे काम इतिहाससंशोधकांचे आहे. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे, की तो शब्द त्या मंडपात जमलेल्या सर्वांनीच ऐकला होता, आजही तो प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ऐकू येतो, आणि तरीही तो एकालाच हाक म्हणून लागला. ज्या गावाच्या नावालाच लोकांनी ‘समर्थ’ हे पद कायमचे जोडून दिले आहे, त्या गावच्या माणसाला ‘देव बोलतो’ हे विधान चमत्कारिक वाटत नाही. पण तो बोलला हे ओळखावे कसे, हा प्रश्न मात्र भाविक मनुष्यालाही कठीण जातो. आणि याच जिल्ह्यात गेली दीडशे वर्षे नांदत असलेल्या ख्रिस्ती समाजाने त्या प्रश्नाचा जो विचार आपल्या नित्याच्या व्यवहारात मुरवला आहे, तो इतर मराठी वाचकांस बहुधा अपरिचित असतो.

या समाजाच्या एखाद्या घरगुती प्रार्थनासभेस बसावे. ओसरीवर सतरंजी अंथरलेली असते, बायकांच्या डोक्यावर पदर असतो, वापरून कडा मऊ झालेले पवित्र शास्त्र कोणाच्या तरी मांडीवर उघडलेले असते. शास्त्रपाठ व गायन झाल्यावर पाळकसाहेब ‘कोणाची साक्ष आहे का?’ असे विचारतात, आणि मग कोणी शेतकरी किंवा कोणी परिचारिका उठून सांगू लागते, की प्रभूने माझ्या मनात अमुक घातले, प्रभूने मला तमुक गोष्टीचे ओझे दिले. नवख्याला वाटते, हे लोक आकाशवाणी ऐकल्याचे सांगत आहेत. वस्तुतः कानाने काही ऐकल्याचा दावा त्यांत क्वचितच कोणी करतो. शास्त्रातील एखादे वचन वाचता वाचता ते आपल्यालाच उद्देशून आहे असे जाणवणे, मनात येऊन वारंवार परतणारी एखादी निकड, शेजाऱ्याच्या तोंडून सहज निघालेला शब्द, अचानक बंद झालेला मार्ग, ही त्यांच्या अनुभवातील देवाच्या वाणीची नित्याची रूपे होत.

बायबलमधील एक कथा या बाबतीत मूळ धड्यासारखी सांगितली जाते. शिलो येथील मंदिरात वृद्ध याजक एली याच्या सेवेस असलेल्या बाळ शमुवेलास रात्री कोणीतरी नावाने हाक मारते, आणि तो तीन वेळा उठून एलीकडेच धावत जातो; कारण हाक ऐकू आली तरी ती कोणाची हे त्याला ठाऊक नव्हते. ती ओळखली दृष्टी अधू झालेल्या एलीने. पण कथेचा खरा पीळ पुढे आहे: त्या रात्री मुलाला जो निरोप मिळाला, तो एलीच्याच घराण्याच्या अधःपाताचा होता, आणि सकाळी एलीने तो आग्रहाने वदवून घेऊन निमूटपणे स्वीकारला. ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, आणि ओळखणाऱ्याला त्यापासून लाभ तर नाहीच, उलट हानी, अशी ही विलक्षण रचना आहे. जी वाणी सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या सोयीचीच असते तिच्याविषयी ख्रिस्ती परंपरा प्रथमपासून सावध का राहिली, याचे बीज मला या कथेत दिसते.

जालना शहराजवळ बेथेल नावाची जी वसाहत वसली, तिच्या संस्थापकाचे नावही नारायणच होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे निजामाच्या राज्यात येऊन प्रामुख्याने मांग समाजात काम केले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या मंजुरीने मिळालेल्या जमिनीवर त्यांनी हे ख्रिस्ती गाव उभारले. नावासाठी निवडलेला प्रसंगही चिंतनीय आहे. भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब उघड्या माळावर धोंड्याची उशी करून निजला असता त्याला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली, आणि जागा झाल्यावर त्याला उमगले, की परमेश्वर या ठिकाणी होता आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. ओळख पटते ती पुष्कळदा मागाहून, प्रसंग होऊन गेल्यावर. म्हणूनच साक्ष सांगणारे लोक भूतकाळात बोलतात.

तिसरा नारायण म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता त्यांना डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याने संस्कृत काव्याविषयी आदराने गोष्टी केल्या, हाती नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत मुळीच रुचले नव्हते. वचन दिले म्हणून वाचावयाचे, महत्त्वाच्या स्थळी खुणा करावयाच्या, इतक्याच बेताने त्यांनी पुस्तक उघडले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत येताच ते तेथे खिळले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या सर्व वृत्तांतात दिव्य तेज नाही की गर्जना नाही. आगगाडीचा डबा आहे, एक अनोळखी मनुष्य आहे, एक छापील पुस्तक आहे. ३८६ साली मिलान येथील बागेत तळमळत बसलेल्या ऑगस्टीनलाही शेजारच्या घरातून आलेला मुलाचा सूर ऐकू आला, तो खेळातलाच असावा. पण तो ‘घे आणि वाच’ असे सांगतो आहे असे त्याला वाटले, आणि त्याने पौलाचे पत्र उघडले. मात्र त्याआधी आई मोनिका त्याच्यासाठी वर्षानुवर्षे रडली होती आणि बिशप अँब्रोझची प्रवचने त्याच्या कानांवरून गेली होती. साध्या शब्दाला हाकेचे सामर्थ्य येते ते मनाची अशी मशागत आधी झालेली असते तेव्हा.

परंतु मनाला जे जे तीव्रतेने वाटते ते ते देवाचेच असे मानावे काय? याचे सर्वांत सूक्ष्म उत्तर ज्याने शोधले तो साधक नव्हता, शिपाई होता. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून लोयोलाच्या वाड्यात खिळलेल्या इग्नेशियसने करमणुकीसाठी वीरकथांची पुस्तके मागितली; घरात होती ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची. पडल्या पडल्या तो कधी एका थोर कुळातील स्त्रीसाठी गाजवावयाच्या पराक्रमांची स्वप्ने रंगवी, तर कधी संत फ्रान्सिस व डॉमिनिक यांच्यासारखे आयुष्य घालविण्याची. रंगवीत असताना दोन्ही सारखीच गोड लागत. परंतु पहिले संपल्यावर मन शुष्क आणि असमाधानी राही, दुसरे संपल्यावरही प्रसन्नता टिकून राही. हा फरक एके दिवशी त्याच्या ध्यानात आला, आणि त्या एका निरीक्षणावर त्याने पुढे आत्मपरीक्षणाची सबंध पद्धती उभारली. विचाराच्या आरंभावरून नव्हे, तर त्याच्या मागे राहिलेल्या अवशेषावरून त्याचा उगम ओळखावयाचा; आणि त्यासाठी दिवसातून दोनदा, दुपारी व रात्री, घडलेल्या प्रसंगांचा शांतपणे आढावा घ्यावयाचा. जेझुइट धर्मगुरू आजही हीच रीत शिकवितात, आणि ज्याला ख्रिस्ती व्हावयाचे नाही अशा मनुष्यानेही ती आठवडाभर पाळून पाहावी इतकी ती माझ्या मते मोलाची आहे.

दुसरी कसोटी फळाची. पौलाने प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता इत्यादी जी फळे सांगितली आहेत, ती ज्या प्रेरणेस लागत नाहीत ती पवित्र आत्म्याची नव्हे, असा हा सरळ हिशेब आहे. माझ्या दृष्टीने या फळांची सर्वांत खरी खूण अशी, की मनुष्याभोवतीचे कुंपण मोडते. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला यापो येथे घराच्या गच्चीवर दृष्टान्त झाला: आकाशातून उतरलेल्या चादरीत शास्त्राने निषिद्ध ठरविलेले नाना पशू, आणि ते मारून खा अशी आज्ञा. त्याला अर्थबोध होईना. तेवढ्यात खाली दारावर परधर्मीय रोमी अधिकाऱ्याने पाठविलेली माणसे येऊन थडकली, आणि मग दृष्टान्ताचा अर्थ खाण्याच्या पदार्थांत नसून दारात उभ्या असलेल्या माणसांत आहे हे त्याला कळले. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत याच्याशी किती जुळते! पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांचा वियोग आणि अपमान सोसून त्या पुन्हा त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते, इतरांच्या हातचे पाणी घशाखाली उतरत नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी सांगितले आहे, की एकदा त्या एकट्याच विचार करीत बसल्या: हा जातिभेद देवाने केला की माणसाने? देवाने केला असता तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या देहांतही तसा भेद दिसला असता. एवढ्या साध्या, स्वयंपाकघरातल्या म्हणाव्या अशा तर्काने ती जन्माची शृंखला गळून पडली. त्यांना कोणताही आवाज ऐकू आला नाही. पण ख्रिस्ती परिभाषेत हीच देवाची वाणी, आणि मला ती पुष्कळ दृष्टान्तांहून अधिक खरी वाटते.

तिसरी कसोटी मंडळीची, म्हणजे इतरांच्या संमतीची, आणि ती सर्वांत जाचक. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या आगगाडीत मदर तेरेसांना गरिबांत जाऊन राहण्याचे पाचारण झाले; त्यांनी ते आपल्या वरिष्ठांपुढे मांडले, आणि कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिये यांनी त्यांना थांबविले. परवानगी येईपर्यंत १९४८ उजाडले. इतकी निकड वाटत असूनही मनुष्याच्या हुकुमासाठी थांबणे हा देवाचा अवमान नव्हे काय, असे कोणी विचारील. परंपरेचे उत्तर असे, की खरी हाक थांबविल्याने मरत नाही. जी एका रात्रीत अमलात आली पाहिजे म्हणून धाक घालते तिचीच शंका घ्यावी. ‘देवाने मला सांगितले’ या तीन शब्दांच्या बळावर आजाऱ्याचे औषध बंद केल्याची, कोणाची जमीन लिहून घेतल्याची, एखाद्या मुलीला नको असलेला विवाह लादल्याची उदाहरणे सर्वच धर्मांत आढळतात, आणि ती पाहिली म्हणजे ही जाचक कसोटी दयेची वाटू लागते. क्रूसभक्त संत योहानासारखा सोळाव्या शतकातील महान अनुभवी पुरुषही साधकांना बजावीत असे, की दृष्टान्त आणि श्रवण यांना बिलगू नका.

आणखी एक गोष्ट आहे, ती धर्मग्रंथांच्या विवेचनांत सहसा येत नाही, पण मला टाळता येत नाही. हाक एकाला येते, परंतु तिचे मोल सारे घर देते. नारायण शेषाद्रींच्या पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहू लागला, तेव्हा न्यायालयाने त्या अजाण मुलाला बापाच्या ताब्यात दिले. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत केवढे रण माजले, आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांना केवढा रोष पत्करावा लागला! अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे त्या दिवशी काय झाले असेल, हाही विचार कथा सांगताना कोणी करीत नाही. देवाची वाणी ओळखल्याचे सांगणाऱ्याने आपल्यामागे कोण एकटे राहिले इकडेही पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी आपली कहाणी लिहिली म्हणून निदान एका घरापुरते ते आपल्याला दिसते.

पंडिता रमाबाईंना तरुणपणापासूनच कमी ऐकू येत असे, आणि इंग्लंडात गेल्यावर वैद्यकी शिकण्याचा त्यांचा बेत त्या बहिरेपणामुळे सोडावा लागला. पुण्याच्या शारदा सदनास उत्पन्न व्हावे म्हणून त्यांनी केडगावला जमीन विकत घेऊन फळझाडे लावण्याचा बेत केला होता. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. हाती पैसा नव्हता, जागा नव्हती, आणि आपण जावे की न जावे या द्वंद्वात त्या होत्या. परंतु वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आईबाप आणि बहीण आपल्यादेखत अन्नावाचून गेल्याची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. देवाची आज्ञा त्यांनी ओळखली ती या स्वतःच्या भुकेच्या स्मृतीत. तीनशे मुली वाचवावयाच्या असे मनाशी ठरवून त्या निघाल्या, आणि मुलींना घेऊन आल्या तो पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झालेले. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. मोकळी अशी एकच जागा होती, ती केडगावची. तेथे घाईघाईने झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या, आणि बागेसाठी म्हणून घेतलेली जमीन कशासाठी घेतली होती याचा त्यांना त्या वेळी उलगडा झाला. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील मुलींची संख्या हजारावर गेली.