पारानाकाठचे रोसारिओ आणि माझा दमा

दम्याच्या माणसाने पाठीवर पिशवी टाकून दूरदेशी हिंडावे की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात आजवर एकमत झालेले नाही. यजमानांचे मत ठाम नकारार्थी आहे. मुलीचे म्हणणे, "आई, तू जा, पण औषधं दोन वेगळ्या ठिकाणी ठेव." आणि माझे डॉक्टर या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभे असतात. तरीही गेल्या काही वर्षांत मी तीनदा दक्षिण अमेरिकेत गेले, आणि तिन्ही वेळा वाट वाकडी करून एकाच गावी थांबले. अर्जेंटिनातील पाराना नदीच्या पश्चिम तीरावरचे हे शहर म्हणजे रोसारिओ. फुटबॉलवेड्या वाचकांना ते मेस्सीचे जन्मगाव म्हणून ठाऊक असेल, इतरांना चे गव्हेराचे. माझ्यासाठी ते श्वासाचे गाव आहे. कधी मिळालेल्या, कधी अडलेल्या.

पहिल्यांदा गेले ती एप्रिल 2018 मध्ये, आणि तीही केवळ बस बदलण्यासाठी. ब्राझीलच्या सीमेवरचा इग्वासूचा धबधबा पाहून मी दक्षिणेकडे निघाले होते. तिथल्या दमट, उबदार हवेत मला इतके बरे वाटत होते की रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा नियंत्रक इनहेलर मी आठवडाभर पिशवीच्या तळाशीच राहू दिला. दम्याच्या रुग्णांची ही नेहमीची चूक आहे. त्रास नाही म्हणजे आजार गेला, असे मन सांगते. श्वासनलिकांची सूज मात्र आतल्या आत वाढत असते. त्यात रात्रभरच्या बसमधली वातानुकूलित थंडी. सकाळी रोसारिओच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा एक वाक्य पुरे करायला मला दोनदा थांबावे लागत होते.

स्थानकाजवळच्या ज्या घरातली मागची खोली मला मिळाली, त्या घराच्या मालकीणबाई निवृत्त परिचारिका निघाल्या. याला मी आजही योगायोगच म्हणते. बाईंनी माझ्या छातीला कान लावण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही. दारातच माझ्या खांद्यांची हालचाल पाहिली, पिशवी उतरवून घेतली आणि म्हणाल्या, "नेना, खोली नंतर बघ. आधी चल." नेना म्हणजे पोरी. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते.

वस्तीतल्या आरोग्यकेंद्रात नेब्युलायझर लावून मला तासभर बसवले. तरुण डॉक्टरांनी इनहेलर कसा ओढतेस ते करून दाखवायला सांगितले आणि माझी पद्धत चुकीची असल्याचे शांतपणे दाखवून दिले. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ माझ्याकडून बसत नव्हता. पंधरा वर्षे मी तसाच ओढत आले होते. निघताना पैशांसाठी पाकीट काढले तर बाई हसल्या. पैसे द्यायचेच नव्हते.

त्यामागे मोठा इतिहास आहे, हे मला नंतर कळले. रोसारिओच्या महापालिकेने वस्त्यावस्त्यांतून प्राथमिक आरोग्यकेंद्रांचे जाळे विणले आहे. काही औषधे महापालिकेची स्वतःची प्रयोगशाळा बनवते. 1995 ते 2003 या काळात शहराचे महापौर होते एर्मेस बिन्नेर, आणि ते स्वतः भूलतज्ज्ञ. पुढे ते सांता फे प्रांताचे राज्यपाल झाले. शहराच्या अंदाजपत्रकात आरोग्याला मानाचे पान मिळाले, त्यात एका डॉक्टरच्या नजरेचा वाटा असणारच.

एका रात्रीसाठी आलेली मी अकरा दिवस राहिले. बाईंनी मला नदीवर चालायला लावले. पहिल्या दिवशी पहिल्या बाकापर्यंत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. "बाक मोज, किलोमीटर नको," असा त्यांचा दंडक. फुप्फुसांच्या आजारातून उठणाऱ्यांसाठी याहून सोपे माप मला अजून सापडलेले नाही.

हा नदीकाठही मुद्दाम सांगण्याजोगा आहे. एके काळी इथे धान्याची कोठारे, रेल्वेचे रूळ आणि गोदामे होती, आणि शहराला आपलीच नदी दिसत नसे. ती जमीन टप्प्याटप्प्याने मोकळी करून तिथे उद्याने केली. जुन्या धान्यकोठारांचे नळकांडी मनोरे आता रंगवले आहेत आणि त्यांत समकालीन कलेचे संग्रहालय आहे. थोडे पुढे राष्ट्रध्वजाचे भव्य स्मारक लागते. 27 फेब्रुवारी 1812 रोजी मान्वेल बेलग्रानो याने अर्जेंटिनाचा ध्वज पहिल्यांदा याच काठावर उभारला. रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना, सायकलस्वारांना आणि लेकुरवाळ्यांना मोकळे करून दिले जातात. पलीकडचा तीर म्हणजे सपाट, दलदलीची बेटे; सूर्य तिथूनच वर येतो. पाणी चहाच्या रंगाचे. हीच पाराना पुढे रिओ दे ला प्लाताच्या विशाल मुखात मिसळते. 1924 साली प्रवासात आजारी पडलेले रवींद्रनाथ ठाकूर डॉक्टरांच्या सल्ल्यावरून जवळजवळ दोन महिने विश्रांतीसाठी राहिले, ते त्याच मुखाकाठच्या सान इसिद्रो गावी, विक्तोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात. सज्जातून ते जे पाणी पाहत, त्यात रोसारिओवरून वाहत आलेले पाणीही असणार, या विचाराने मी उगीचच सुखावले.

आहाराची चिंता शाकाहारी वाचकांना असेलच. गोमांसाच्या या देशात मी उपाशी राहिले नाही, याचे श्रेय भाजीबाजाराला. 2001 च्या अखेरीस अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली, तेव्हा रोसारिओत हजारो लोकांचे रोजगार गेले. त्यानंतर 2002 साली महापालिकेने पडीक जमिनी, रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या बेरोजगारांना भाजी पिकवण्यासाठी दिल्या. रासायनिक खते, कीटकनाशके नाहीत. पिकवणाऱ्यांनीच चौकात बाजार मांडायचा. या कामाला 2021 मध्ये शहरांसाठीचे एक मानाचे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. त्या बाजारातली आसेल्गा ही पालेभाजी आपल्या पालकाची थोरली बहीण म्हणावी अशी. बाई तिचे सारण भरून एम्पानादा, म्हणजे आपल्या करंजीसारखा पदार्थ करीत आणि मी लसूण-मिरचीवर परतून भातासोबत खाई. आपले नातेही तसे जुने आहे: आपल्याकडच्या कितीतरी घरांतले सोयाबीन तेल रोसारिओच्या आसपासच्या बंदरांतूनच जहाजात चढते.

माते या पेयाविषयी मात्र एक इशारा. येर्बा या पानांवर गरम पाणी ओतून, बोंबीया नावाच्या धातूच्या नळीने ते ओढतात. एकच पात्र आणि एकच नळी सगळ्यांत फिरते, आणि नाही म्हणणे उद्धटपणाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये स्पष्ट केले, की 65 अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो. दोष पानांचा नसून तापमानाचा. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी किटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "बरं, तुझ्यापुरती जरा निववते." स्वतःसाठी त्यांनी निववली नाही.

दुसऱ्यांदा मी ठरवून गेले. ऑगस्ट 2022. महासाथीने दोन वर्षे घरात कोंडले होते, आणि त्या कोंडलेपणात मी मनाने पुन्हा पुन्हा त्या बाकांवर जाऊन बसले होते. महिनाभर राहायचे, सकाळी चालायचे, दुपारी लिहायचे. बस शहराजवळ आली तेव्हा क्षितिजावर तपकिरी पट्टा दिसला. मला वाटले, पावसाचे ढग.

तो धूर होता. गेली दोन-तीन वर्षे पाराना आटत चालली होती; 2021 मध्ये तर तिची पातळी 1944 नंतरच्या नीचांकावर गेली. एरवी पाण्याने भरलेली बेटे कोरडी ठणठणीत पडली. त्या बेटांवर गुरांच्या चराईसाठी गवत जाळण्याची जुनी रीत आहे. ओल असते तेव्हा आग विझते, नसते तेव्हा पसरतच जाते. पूर्वेकडून वारा सुटला की सगळा धूर नदी ओलांडून शहरात शिरे. लोकांनी मोर्चे काढले, रोसारिओ आणि विक्तोरिया यांना जोडणारा पूल अडवला, पाणथळ जमिनींच्या रक्षणाचा कायदा मागितला. कायदा संसदेत अडकून पडला तो पडलाच.

बाईंनी दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले होते. महासाथीतले एन-95 मुखपट्टे पुन्हा बाहेर निघाले होते. धुरातले सूक्ष्म कण कापडी मुखपट्टीला जुमानत नाहीत, हे परिचारिकेला सांगावे लागत नाही. माते आता ज्याचे त्याच्या पात्रात होते. महासाथीची तेवढी खूण उरली होती. पहिल्या रात्री मी दोनदा उठून इनहेलर घेतला. दुसऱ्या रात्री चारदा. तिसऱ्या दिवशी फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे ते छोटे उपकरण माझ्या नेहमीच्या आकड्याच्या साठ टक्क्यांवर आले. घरून निघताना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेत स्पष्ट होते: इतका आकडा आला तर गोळ्या सुरू करायच्या आणि जागा सोडायची.

मी गोळ्या सुरू केल्या, पण जागा सोडवेना. एखाद्या शहरावर जीव जडला की त्याच्या आजारपणात त्याला टाकून जाणे फितुरीसारखे वाटते. शिवाय बाईंचे वय सत्तरीकडे झुकलेले. त्याही खोकत होत्या. मी म्हटले, "तुम्हीही चला माझ्याबरोबर. चार दिवस कोर्दोबाच्या डोंगरात राहू." त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. पाठ न वळवताच म्हणाल्या, "नेना, तुला जाता येतं, म्हणून तू जा. इथं लाखो माणसं राहतात. सगळ्यांनी कुठं जायचं?"

चौथ्या दिवशी मी निघाले. बसमध्ये बसल्यावर दोन तासांनी श्वास मोकळा होऊ लागला आणि त्या मोकळेपणाची मला लाज वाटली. ती भावना चुकीची होती, असे माझे डॉक्टर म्हणतात. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहेत.

तिसऱ्या खेपेला यजमान खरोखरच आडवे आले. मार्च 2024 मध्ये रोसारिओत अमली पदार्थांच्या टोळ्यांनी टॅक्सीचालक, बसचालक, पेट्रोल पंपावरचा कामगार अशा साध्या माणसांचे खून पाडले होते. काही दिवस बसेस बंद होत्या. त्याच वेळी देशात डेंग्यूची आजवरची सर्वांत मोठी साथ सुरू होती. त्या हंगामात रुग्णसंख्या पाच लाखांपुढे गेली, आणि डास पळवणारी मलमे दुकानांतून नाहीशी झाली. मग बाईंचा निरोप आला. त्यांना डेंग्यू होऊन गेला होता. ताप उतरला होता, पण पायांत बळ नव्हते. निरोपात 'ये' असे कुठेही नव्हते. यजमानांनी तो दोनदा वाचला आणि स्वतः जाऊन ओडोमॉसच्या बारा नळ्या घेऊन आले.

एप्रिलच्या मध्यावर मी पोहोचले. मुंबईहून आदिस अबाबा आणि साओ पाउलोमार्गे ब्युनोस आयरेस, तिथून बसने सुमारे 300 किलोमीटर. घड्याळ साडेआठ तास मागे. जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती आता आजन्म ग्राह्य धरतात. इनहेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावी, सामानात नव्हे. नियंत्रक औषध एक दिवसही चुकवू नये. हे मी शिकलेली आहे.

या वेळी भूमिका उलटल्या. अंगणातल्या लिंबाच्या झाडाखालच्या कुंड्यांच्या बशा मी पालथ्या केल्या, पाण्याच्या पिंपाला जाळी बांधली. पुण्यात दर पावसाळ्यात हेच तर करतो आपण. सांधेदुखीसाठी बाईंनी तापातच स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन घेतल्याचे कळले, तेव्हा मी त्यांना रागावले. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच घ्यायचे, हे परिचारिकेला ठाऊक नसेल कसे? "ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "पण दुखतही होतं ना." मी बाजारातून मसूर आणून मऊ खिचडी केली. त्यांनी त्यावर ऑलिव्ह तेल ओतले. मी काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी पहाटे आम्ही नदीवर गेलो. पाणी पुष्कळ वर चढले होते, पलीकडची बेटे हिरवी दिसत होती, हवेला धुराचा वास नव्हता. पहिल्या बाकाशी त्या थांबल्या, हात टेकला, आणि बसण्याआधी माझ्याकडे संशयाने पाहिले.

"आज एकच," मी म्हटले. "दुसरा उद्या."

"तुझे किती?"

"माझे सात. पण मीही आज एकच."

त्यांनी थर्मास उघडला, माते भरले, आणि सहा वर्षांत प्रथमच स्वतःची नळी माझ्यापुढे धरली. मी पात्राला हात लावून पाहिला. पाणी निववलेले होते.