गोळी कंबरेची, प्रश्न किडनीचा

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. खाडीपलीकडे नवी मुंबई वसू लागली. पुढे मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले, त्यांच्यामागून माथाडी आले. पोती वाहून त्यांची कंबर धरायची. नंतर ऐरोली-महाप्यात दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांची मान आखडू लागली. दोघांच्याही घरी स्नायू सैल करणारी गोळी पोहोचली. त्याच घरांत मधुमेह आणि रक्तदाबही आला, आणि त्यांच्यापाठी किडनीचा आजार. ही गोळी आणि दुबळी किडनी एकत्र आली की काय होते, हे वैद्यकाला चाळीस वर्षे ठाऊक आहे. रुग्णांपर्यंत ते पुरेसे पोहोचलेले नाही.

बॅक्लोफेनचेच पाहा. 1962 मध्ये सीबा कंपनीत ते फेफऱ्यासाठी तयार झाले. तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण ताठरलेले स्नायू सैल पडतात हे दिसले. 1977 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. हे औषध बहुतांशी जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. किडनी मंदावली की अंगात साचते. ऐंशीच्या दशकापासून डायलिसिसच्या रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या. नेहमीच्याच मात्रेने दोन-तीन दिवसांत गुंगी, बरळणे, तोल जाणे, काहींना थेट कोमा. घरच्यांना वाटते, युरिया चढला किंवा पक्षाघात झाला. डायलिसिस केल्यावर औषध उतरते आणि रुग्ण शुद्धीवर येतो. किडनीच्या रुग्णांना अनेकदा उचकी लागते, आणि न थांबणाऱ्या उचकीवरही हीच गोळी देतात.

2019 मध्ये कॅनडातील ओंटारिओच्या 15,942 वयस्क किडनीरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला 20 मिलिग्रॅम किंवा अधिक बॅक्लोफेन सुरू केलेल्यांपैकी 1.11 टक्के रुग्णांना महिन्याभरात मेंदूवर परिणाम होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले. कमी मात्रेच्या गटात हे प्रमाण 0.42 टक्के होते.

स्नायू सैल करणारे दुसरे औषध, टिझानिडीनही किडनी फारच मंदावल्यावर अंगात जास्त वेळ राहते. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल, तर टिझानिडीन घ्यायचेच नाही. रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आपल्याकडे सर्रास खपणाऱ्या एका जोडगोळीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते: थायोकॉल्चिकोसाइड 4 मिलिग्रॅम, अ‍ॅसिक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम. यातले दुसरे वेदनाशामक आहे आणि ते आधीच दुखावलेल्या किडनीला आणखी दुखावते.

म्हणून किडनीचा आजार असेल, तर शेजाऱ्याची किंवा जुन्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका. कंबर दाखवायला जातानाही किडनीच्या तपासणीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, ताजा रिपोर्ट सोबत न्या. बॅक्लोफेन बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. आणि गोळी सुरू झाल्यावर माणूस झोपाळलेला किंवा गोंधळलेला वाटला, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या आणि ती पट्टी डॉक्टरांना दाखवा.