रक्ताचा वारसा, रानाचा हिवताप

चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यात आषाढ लागला, बांध्या पाण्याने भरल्या आणि पऱ्हे उपटून रोवणीस आरंभ झाला, की दिवसभर पावसात भिजत गार चिखलात वाकून राबणाऱ्या बायकांपैकी एखादीच्या हाडांत एकाएकी असा ठणका उठतो, की तिला घरी उचलून न्यावे लागते. तिच्याच शेजारी त्याच चिखलात उभ्या असलेल्या सख्ख्या बहिणीस मात्र काहीही होत नाही. रक्त तपासले तर पहिलीचा ‘एसएस पॅटर्न’ निघतो, दुसरीचा ‘एएस’. पहिली सिकलसेलची रुग्ण, दुसरी केवळ वाहक.

हा विकार पूर्णतः आनुवंशिक आहे. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात अत्यल्प फेरफार होतो, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते, आणि मग प्राणवायू उणावताच हिमोग्लोबिनचे रेणू परस्परांस चिकटून तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते. एरवी सुमारे १२० दिवस टिकणारी ही पेशी रुग्णाच्या देहात दहा-वीस दिवसांतच मोडते, आणि ज्या सूक्ष्म वाहिनीत ती अडकते तेथील रक्तप्रवाह तुटून तो ठणका उठतो. हे जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही आले तर अपत्य रुग्ण होते. एकाकडूनच आले तर वाहक, आणि वाहक सामान्यतः निरोगीच असतो.

इतके घातक जनुक पिढ्यानपिढ्या टिकले कसे, याचे उत्तर शोधण्यास रानात यावे लागते. दाट जंगल, झिरपते नाले, मालगुजारीच्या काळापासून धानाला पाणी पुरविणारे मामा तलाव आणि या पाण्यावर पोसणारे डास, असा हा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले, की वाहकांना घातक हिवतापापासून पुष्कळसे संरक्षण लाभते. जेथे हिवतापाने लहान मुले दगावत, तेथे वाहक मुले अधिक वाचली, वाढली, त्यांची लेकरे झाली, आणि त्यांच्यासवे हे जनुकही. रुग्णास मात्र हे कवच मिळत नाही. उलट एसएस असलेल्या मुलास हिवताप झाला तर तो प्राणावर बेततो, ही गोष्ट गावोगावी पुनःपुन्हा सांगितली पाहिजे.

यास्तव हा विकार कोणा एका जातीच्या माथी मारणे मला घोर अन्यायाचे वाटते. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारताविषयी जी माहिती प्रसिद्ध केली, तीत हे जनुक महार, कुणबी आणि तेली अशा शेजारी नांदणाऱ्या समाजांत आढळल्याचे नमूद आहे. गोंड, माडिया, परधान यांच्यातही ते आहे.

शिवाय हे जनुक सर्वत्र सारखे वागत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात पुढेही टिकून राहते, त्याचा आजार बहुधा हलका असतो. गुजरातेतील वलसाडकडील आदिवासींत हा विकार पुष्कळसा सौम्य, तर नागपूरकडे उग्र आढळला, कारण वलसाडकडे आल्फा थॅलॅसेमिया हे दुसरे आनुवंशिक वैगुण्य फार पसरलेले आहे आणि ते या विकारात उपकारक ठरते. एका वैगुण्याने दुसऱ्याची धार बोथट करावी, हे निसर्गातील मोठेच आश्चर्य होय.

आणि एवढे होऊनही वेदनेचा झटका यायला ताप, तहान, थंडी, अतिश्रम असे काहीतरी निमित्त लागते. वैशाखात तेंदूपत्ता तोडताना पाण्याविना गेलेली दुपार किंवा रोवणीतली ओल तेवढ्यास पुरते. भरपूर पाणी, तापावर वेळीच उपचार आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया यांनी झटके कमी होतात. परंतु ज्या बाईला मजुरी बुडवणे परवडत नाही, तिला हा सल्ला पाळायचा कसा, याचा विचार औषधाच्या चिठ्ठीत मावत नाही.

२०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तपासणी वाढते आहे, आणि तिच्याबरोबर लग्नासाठी मुली नाकारल्या जाण्याचे भयही. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारात एक असतो. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब कोणी करू नये. परंतु ‘एएस’ निघालेल्या मुलीचे स्थळ मोडून मुलाचे रक्त तपासण्याचेही कष्ट न घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की मुलाचा पॅटर्न ‘एए’, म्हणजे हे जनुक नसलेला, असेल तर त्या दोघांचे एकही मूल एसएस होत नाही.